तीन आठवड्यांची मिस

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी २६ वर्षांची आहे. बी.कॉम. झालंय, ठाण्यात एका कंपनीत अकाउंट्स बघते, राहायला डोंबिवलीत. चार वर्षं तीच लोकल, तेच काम. शनिवार-रविवार सुट्टी असते, पण ती घरातच जाते. लहान मुलांना शिकवावं असं कॉलेजपासून मनात आहे, आणि आता संधी आली आहे. नेपाळमध्ये पोखऱ्याजवळच्या एका खेड्यात बालगृह आहे. तिथे स्वयंसेवक शिक्षिका म्हणून तीन आठवडे जायचं, मुलांना इंग्रजी आणि गणित शिकवायचं, त्यांच्यासोबतच राहायचं. पाठवणारी कंपनी ८५,००० रुपये घेते, विमानाचं तिकीट वेगळं. पैसे मी साठवलेले आहेत. त्यांनी पाठवलेले मुलांचे फोटो बघून मला राहवत नाही. आई म्हणते, इथली मुलं काय कमी आहेत का? बाबा म्हणतात, आधी लग्नाचं बघू, मग हवं तिथे जा. मला खरंच काहीतरी चांगलं करायचंय. जाऊ का?
– एक वाचक, डोंबिवली

प्रिय मुली,

तू पैसे भरायच्या बेतात असशील, म्हणून उत्तर आधी सांगते. या तीन आठवड्यांसाठी जाऊ नकोस. शिकवायची इच्छा मात्र घट्ट धरून ठेव. ती खरी आहे, हे मला तुझ्या पत्रातल्या ‘गणित’ या एका शब्दावरून कळलं. अशा ठिकाणी इंग्रजीची गाणी शिकवायला जाणारे पुष्कळ असतात, गणित शिकवीन म्हणणारं माणूस क्वचित भेटतं.

मी हे ऐकीव सांगत नाही. परळला महापालिकेच्या शाळेत ३५ वर्षं शिकवलं आणि २०१६ मध्ये निवृत्त झाले. त्याच्या आदल्या वर्षी, २५ एप्रिल २०१५ ला, नेपाळमध्ये मोठा भूकंप झाला होता. जवळपास ९,००० माणसं गेली. टीव्हीवर ती ढासळलेली घरं बघताना वाटायचं, एकदा हात मोकळे झाले की जाऊ. ओळखीतून एका बालगृहाचं नाव मिळालं आणि ऑगस्टअखेर मी डोंगरातल्या त्या गावात पोचले. तिथे २३ मुलं होती. मी चार महिने राहिले.

पहिल्या दिवशी फाटक उघडलं तशी मुलं धावत आली. दोघीजणी कमरेला बिलगल्या. एकीने माझा हात धरला तो रात्रीच्या डाळभातापर्यंत सोडला नाही. मला भरून आलं. सगळं आयुष्य वर्गात गेलेलं, त्यामुळे वाटलं की मुलं बरोबर माणूस ओळखतात. याचा अर्थ मला मुंबईत परतल्यावर लागला. आपल्या घरातलं पाच वर्षांचं पोर अनोळखी बाई दिसली की आईच्या मागे लपतं. आधी लांबून बघतं, मग हळूहळू जवळ येतं. पहिल्याच मिनिटाला परक्या माणसाच्या गळ्यात पडणाऱ्या मुलाच्या आयुष्यात बहुधा खूप माणसं येऊन गेलेली असतात. यावर रुमानियात, बुखारेस्टमध्ये, २००० सालापासून मोठा अभ्यास झाला. संस्थेत वाढणारी १३६ लहान मुलं घेतली. त्यातली निम्मी, कोणती ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून, सांभाळणाऱ्या कुटुंबांत ठेवली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी आणि माणसांशी जोडलं जाणं, दोन्ही सुधारलं. जी दोन वर्षांची व्हायच्या आत गेली त्यांचं जास्तच. मुलाला तेच माणूस रोज दिसावं लागतं.

दुसऱ्या आठवड्यात मी वह्या तपासायला घेतल्या. नऊ वर्षांच्या एका मुलीची दोनशे पानी वही होती. पहिल्या पानावर इंग्रजीत माझं नाव, माझा देश, माझा आवडता रंग. काही पानं पुढे पुन्हा माझं नाव, माझा देश, माझा आवडता रंग. मग पुन्हा. तपासणाऱ्याची शाई आणि अक्षर दर वेळी वेगळं. मी मोजलं, पाच वेळा. आवडता रंग पाचही वेळा लाल, कारण त्याचं स्पेलिंग तीनच अक्षरांचं. वजाबाकी मात्र तिला हातच्याची येत नव्हती. येणारी प्रत्येक मिस पहिल्या धड्यापासून सुरू करत होती आणि चौथ्या धड्याच्या आत निघून जात होती. मी सहावी होते, आणि माझ्या पिशवीतही रंगांचे तक्तेच होते.

तुझे तीन आठवडे धर. पहिला आठवडा नावं पाठ होण्यात जाईल. दुसऱ्यात कोणाला काय येतं ते कळेल. तिसऱ्यात तू निरोपाची तयारी करत असशील. यात शिकवणं कुठे बसतं, ते तूच हिशेब करून बघ. तू अकाउंट्सवाली आहेस.

दशैं आलं, म्हणजे आपला दसरा. नेपाळमध्ये तो फार मोठा सण, मोठी माणसं लहानांच्या कपाळाला दही-तांदळाचा लाल टिका लावतात आणि कोवळ्या पिवळ्या जवाचे अंकुर, जमरा, डोक्यावर ठेवतात. त्या दिवशी सकाळी एक माणूस फाटकाशी येऊन उभा राहिला. पाठीवर बांबूची टोपली, तिच्यात सेल रोट्या, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या तळलेल्या गोड कड्या. दोन दिवसांचा प्रवास करून आला होता. आमच्यातला एक मुलगा सात वर्षांचा होता, मला तो अनाथ म्हणून सांगितलेला. हा त्याचा बाप. त्याने फाटकातच मुलाला टिका लावला. मोडक्या हिंदीत मी विचारलं, मुलगा इथे का? तो म्हणाला, आमच्या गावात शाळा पाचवीपर्यंत, त्यातही शिक्षक कधी असतो, कधी नसतो. इथे इंग्रजी शिकवतात असं एकाने सांगितलं. त्या एकाला त्याने पैसेही दिले होते.

मुली, या प्रश्नाचं मूळ हे आहे. नेपाळमध्ये १९९६ ते २००६ यादवी चालली. त्या काळात हुमला, जुमला अशा दूरच्या डोंगरी जिल्ह्यांत दलाल फिरायचे. मुलांना शहरात शिकवू, सुरक्षित ठेवू असं सांगून आईबापांकडून पैसे घ्यायचे आणि मुलं घेऊन जायचे. आईवडील मेल्याचे खोटे कागद तयार व्हायचे. युद्ध संपलं, तरी ही वाट बंद झाली नाही. अनाथ मुलं जिथे जास्त तिथे बालगृहं जास्त, असं आपण धरून चालतो. नेपाळमधली बहुसंख्य बालगृहं काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन या पाच जिल्ह्यांत आहेत. पर्यटक जातात ते हेच जिल्हे. तुझं पोखरा कास्कीत येतं. जगभरच्या बालगृहांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, हे युनिसेफसारख्या संस्था कितीतरी वर्षं सांगत आल्या आहेत.

आता तुझे ८५,००० रुपये बघ. बालगृह चालतं ते येणाऱ्या पाहुण्यांच्या पैशांवर, आणि पाहुणे येतात ते मुलं आहेत म्हणून. मग मुलाला आईकडे परत पाठवलं तर बालगृहाचं उत्पन्न घटतं. चालवणारा माणूस वाईट असायलाच हवा असं नाही. तरी खाटा भरलेल्या राहण्यातच त्याचं भलं होऊन बसतं. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये गुलामगिरीविरोधी कायदा केला, तेव्हाच्या चर्चेत बालगृहांसाठी होणारी मुलांची तस्करी गुलामगिरीतच मोजली गेली. २०१९ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पालकांविना राहणाऱ्या मुलांविषयी ठराव केला. त्यात बालगृहांतल्या स्वयंसेवक-पर्यटनातून मुलांचं होणारं नुकसान स्पष्ट नोंदवलेलं आहे.

तुला त्यांनी फोटो पाठवले, चेहरे दिसणारे. मला राग आला तो इथे. आपल्याकडे बालगृहातल्या मुलाची ओळख पटेल असा फोटो किंवा नाव छापणं हा बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुझाच लहानपणी रडताना काढलेला फोटो कोणी गिऱ्हाईक मिळवायला दाखवला असता, तर तुझ्या आईने काय केलं असतं?

तरी माझा शब्द तेवढ्यावर घेऊ नकोस. त्या कंपनीला फोन कर आणि निवांत विचार. किती मुलांचे आईवडील हयात आहेत? गेल्या वर्षात किती मुलं घरी परत गेली? तुमची नोंदणी कुठे आहे, पालिकेचे बालकल्याण अधिकारी शेवटचे कधी येऊन गेले? माझ्या आधी कोण शिकवत होतं आणि माझ्यानंतर कोण शिकवणार? माझ्या पैशांतले किती तिथल्या शिक्षकाच्या पगाराला जातात? आणि शेवटी विचार, माझा पोलिसांचा दाखला कधी पाठवू? तो नको म्हणाले तर पुढे बोलायचं कारणच उरत नाही. जे घर तुझी चौकशी न करता तुला मुलांच्या शेजारी झोपायला जागा देतं, ते उद्या कोणालाही देईल. आगाऊ रक्कम भरली असशील तर लेखी कळवून परत माग.

घर आणि शाळा यांतला फरक मला फार उशिरा समजला. शाळेत परकं माणूस येणं मुलाला खुपत नाही. बाई बदलतात, बदलीवर जातात, नवे सर येतात. चार वाजता घंटा होते आणि मूल आपल्या माणसांकडे जातं. बालगृहात मात्र मुलाला दुसरीकडे जायलाच जागा नाही. त्याच्या चुलीपाशी, त्याच्या अंथरुणाशेजारी तू उभी राहतेस, आणि तीन आठवड्यांनी तिथूनच उठून जातेस. मी निघाले त्या सकाळी कोणीही रडलं नाही. ती लाल रंगवाली मुलगी माझी बॅग उचलून फाटकापर्यंत आली आणि तिने शांतपणे विचारलं, “अर्को मिस कहिले आउनुहुन्छ?” दुसऱ्या मिस कधी येणार? मला आजही कधीकधी रात्री ते ऐकू येतं.

म्हणून माझं म्हणणं असं की शिकवायचंच तर मूल जिथे आपल्या आईबापांजवळ राहतं तिथे जाऊन शिकव. त्या टोपलीवाल्या बापाच्या गावात एक चांगला शिक्षक टिकला असता, तर त्याचा मुलगा सेल रोटी स्वतःच्या घरात खात असता.

ही वाट आपल्याकडच्या बायकांनी आधीच चालून दाखवलेली आहे. अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीला ताराबाई मोडकांच्या बालशिक्षणाच्या कामात आल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या आणि १९९२ मध्ये जाईपर्यंत त्याच कामात राहिल्या. ४७ वर्षं. मुलं शाळेत येईनात, तर या बायकांनी शाळा पाड्यातल्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. मुलाला आईपासून उचलून आणण्याऐवजी शाळाच मुलाकडे नेली. वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी विधायक संसद या संस्थेने भोंगाशाळा काढल्या, त्यामागेही हाच विचार होता. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुरांची झोपडी, तिच्या शेजारीच शाळा.

तुझी आई म्हणते, इथली मुलं काय कमी आहेत का. ती तुला अडवतेय असं तुला वाटलं, पण तिने तुझ्या हातात पत्ताच दिलाय. डोंबिवलीहून कसारा लोकल धर. आसनगावला उतरलीस की शहापूर तालुका. तिथे जीपने पोचता येईल अशा कितीतरी जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत, एक-दोन शिक्षकी. शनिवारी त्या सकाळच्या भरतात आणि तुला शनिवारी सुट्टी असते. मुख्याध्यापकांना भेट, शाळा व्यवस्थापन समितीची परवानगी घे, केंद्रप्रमुखांच्या कानावर घाल. पहिले दोन शनिवार काही शिकवू नकोस. मागच्या बाकावर बस आणि गुरुजी कसे शिकवतात ते बघ. मग त्यांनाच विचार की गणितात कोण मागे आहे. चार-पाच मुलं माझ्याकडे द्या म्हणावं. हातच्याची वजाबाकी, भागाकार, एवढंच घे. आणि वर्षभर जा, पावसात पण. दिवाळीनंतर कातकरी मुलं आईबापांबरोबर भट्टीवर जातील, वर्ग अर्धा रिकामा होईल. तेव्हा तुला खूप एकटं वाटेल. तेव्हाही जा. जी दोघं-तिघं उरतील त्यांना तू दर शनिवारी दिसायला हवीस.

शहापूरला जायला सांगतेय ते नेपाळ हुकलं म्हणून समजूत घालायला, असं वाटून घेऊ नकोस. वर्षभर शनिवार सांभाळणं तीन आठवडे विमानाने जाऊन येण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, आणि शिकवण्यातलं खरं सुख तिथेच आहे. ज्या मुलाला जूनमध्ये भागाकार येत नव्हता तो फेब्रुवारीत दुसऱ्याला समजावताना दिसतो, तेव्हा काय वाटतं ते मी कागदावर लिहू शकत नाही.

बालगृहातल्या मुलांसाठीच काही करावं असं मनातून वाटत असेल, तर मुलं घरी टिकतील असं काम बघ. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. एक पालक गेलेल्या किंवा अडचणीतल्या मुलाला घरातच सांभाळता यावं म्हणून दरमहा २,२५० रुपये मिळतात. कितीतरी विधवा आयांना अर्ज कुठे करायचा, कोणते दाखले लागतात हे माहीत नसतं. फॉर्म भरणं, बँकखातं जोडणं, मागे लागून तो मंजूर करून घेणं हे तुझ्यासारख्या हिशेबी मुलीचं काम आहे. असा एक अर्ज मंजूर झाला, तर एक मूल बालगृहाच्या दारात जायचं वाचू शकतं.

आणि नेपाळ? डोंगर बघायची ओढ आहे ना तुला? मग ती ओढ मुलांच्या नावाखाली झाकू नकोस, सरळ डोंगर बघायला जा. त्यात काही वावगं नाही. गावातल्या एखाद्या कुटुंबाच्या घरी पैसे देऊन राहा, त्यांच्या हातचं जेव. तो पैसा थेट अशा घरात जातो जिथे मुलं आईजवळ आहेत. आपल्याला तिथे व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. आगगाडीने गोरखपूरपर्यंत जाऊन सुनौलीला सीमा ओलांडता येते, माझ्यासारखीला विमानापेक्षा तोच प्रवास आवडला.

दोन वर्षं शनिवार झाल्यावर तिथे शिकवावंसं वाटलंच, तर गावातली सरकारी शाळा शोध, तिथल्या पालिकेला विचारून जा, आणि निदान एक पूर्ण सत्र राहायच्या तयारीने जा. नेपाळचं शाळेचं वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होतं. मुलांना स्वतः शिकवण्यापेक्षा तिथल्या शिक्षकांच्या हाताखाली काम कर. त्यांची इंग्रजी बोलायची भीड घालवलीस तर तू निघून गेल्यावरही ते शिकवतच राहतील. देवनागरी तुला येतेच, पहिल्या दिवसापासून पाट्या वाचशील. आपला ‘ळ’ तेवढा त्यांच्याकडे नाही, मी फळ्यावर काढला तेव्हा मुलं कितीतरी वेळ तो म्हणून बघत होती. आणि एक लक्षात ठेव, मुलांच्या मदतीचा फोन नंबर तिथेही आपल्यासारखाच १०९८ आहे. कुठेही, कधीही, एखाद्या मुलाबद्दल मनात पाल चुकचुकली तर तो फिरव.

बाबांचं राहिलं. लग्न आणि हे काम यांत आधी-नंतर असं काही नाही, हे त्यांना शांतपणे सांग. शनिवारी सकाळी शहापूरला जाणारी मुलगी ज्याला चालणार नाही, तो मुलगा तुला चालेल का, एवढं त्यांना विचार. जमलं तर एखाद्या शनिवारी त्यांनाच सोबत घेऊन जा. माझा अनुभव आहे, बाप मंडळी वर्गात येऊन बसली की त्यांनाच फळ्यापाशी उभं राहावंसं वाटतं.

शाळा ठरली की मला कळव. माझ्याकडे चिंचोक्यांचा एक मोठा डबा आहे, ३५ वर्षं परळच्या मुलांनी त्यांवर बेरीज-वजाबाकी केली. दहा-दहाच्या पुरचुंड्या बांधलेल्या आहेत, हातचा शिकवताना सोडायला सोप्या जातात. मुलं किती आहेत ते लिही, तेवढे बाजूला काढून ठेवते.

तुझी,
ताई